बिनआवाजाचा पंप

माझ्या धाकट्या भावाचा डावा कान मी फोडला. घरचे म्हणतात रागाच्या भरात झालं, आणि मला सांभाळून घेतात. पण त्या दुपारचं मला सगळं लख्ख आठवतं, हात नेमका कुठे बसला तेसुद्धा.

आम्ही बदलापूर गावातले. शेत होतं ते विकलं गेलं, त्या पैशातून वडिलांनी तीन खोल्यांचं पक्कं घर बांधलं. वडील वारल्यापासून त्या घरात आई, मी, माझी बायको आणि हा भाऊ असे राहतो. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करतो. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं की वरून दणका. पुन्हा पत्रा, पुन्हा दणका. घरी आलो तरी दाढा आवळलेल्याच असतात.

भाऊ जवळच्या जांभूळ गावात पाण्याच्या प्लांटवर पंप ऑपरेटर. तिथल्या माणसाएवढ्या मोटरवर तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, "हिचं बेअरिंग आठवडाभर टिकेल, जास्त नाही." तसंच व्हायचं. साहेब लोक त्याला सुट्टीच्या दिवशीही बोलावून न्यायचे. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता लपवून काय करू?

लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि याने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची माशांची टाकी मांडली. दोन नारिंगी मासे, दगडांना चिकटलेली जांभळी-हिरवी प्रवाळं. त्या टाकीला नळाचं पाणी चालत नाही. दर दुसऱ्या रविवारी थोडं जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. नवं पाणी म्हणजे निळ्या ड्रममध्ये आरओचं पाणी, त्यात खास मीठ, आणि ते विरघळावं म्हणून आदल्या दिवसापासून आत पंप सोडून ठेवायचा. हा पंप त्याने जुन्या कूलरमधून काढलेला होता. तो ड्रमच्या तळाला चिकटून थरथरायचा आणि अख्खा ड्रम ढोलासारखा घुमायचा. ड्रम होता पॅसेजमध्ये. भिंतीच्या अलीकडे माझी कॉट.

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. रविवारी सकाळी येऊन आडवा झालो. भिंतीतून घर्रर्र. उशी डोक्यावर घेतली, तर ते उशीतून यायला लागलं. उठलो, प्लग उपटला, परत झोपलो. थोड्या वेळाने पुन्हा घर्रर्र. पुन्हा उपटला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भाऊ बोर्डापाशीच उभा होता.

"दादा, अर्धा तास फक्त. टाकीतलं पाणी काढून झालंय. प्रवाळं उघडी पडलीयेत बघ."

"बंद कर."

"मरतील ती."

मी ड्रमला लाथ घातली. ड्रम आडवा झाला, खारं पाणी पॅसेजभर पसरलं, आईच्या खोलीत शिरलं. भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "तू माणूस आहेस का?"

माझा हात उठला. पेडलवर पाय पडला की प्रेस खाली येते, तिला मध्येच थांबवता येत नाही, तसा तो खाली आला. सपाट पंजा पुरा कानावर. फट्ट आवाज झाला. तो भिंतीवर आदळला, तिथून उसळून त्याने माझ्या पोटात डोकं घातलं. मी त्याचे केस धरून गुडघा मारला, दोनदा. आई ओल्या फरशीवरून घसरत मध्ये आली, "नको रं, नको रं" करत. माझं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि तिचा ओठ फाटला. ती खाली बसली. पदराने तोंड दाबून म्हणाली, "तुझा बापूस पन असाच होता."

तिथे मी थांबलो.

भावाच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. त्याने ती पुसलीसुद्धा नाही. ड्रम उभा केला, शिल्लक होते ते आरओचे दोन कॅन त्यात ओतले, मीठ घातलं आणि जुन्या झाडूचा दांडा धुऊन त्या दांड्याने ढवळायला लागला. पंप पाण्यात पडून होता, त्याकडे त्याने पाहिलंही नाही. दोन तास तो ढवळत होता. मी कॉटवर बसून ऐकत होतो. पाणी टाकीत भरून झाल्यावर माझी बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी येतो म्हणालो, तर तिने सरळ सांगितलं, "तुम्ही नका येऊ."

कानाचा पडदा फाटला होता. तो पुढे भरून आला, पण आतल्या नसेला मार बसलाय, ऐकू येणं पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्लांटवर त्याने कोणाला खरं सांगितलं नाही. एकदा एका मोटरबद्दल त्याचा अंदाज चुकला. नंतर आणखी एकदा चुकला. मग त्याला पॅनेलवर रीडिंग घ्यायला बसवलं. हे मला आईकडून कळलं. तो माझ्याशी बोलत नव्हता. दर दुसऱ्या रविवारी मात्र दांडा घेऊन ड्रमपाशी बसायचा आणि मुकाट ढवळायचा.

शेवटी बायको म्हणाली, "त्याला पंप आणून द्या. आवाज न करणारा. आणि त्याला बरोबर नेऊनच आणा."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. उल्हासनगरला जाऊया, म्हणालो. तो उठला. मग चपला घातल्या.

बाजारात रस्ता ओलांडताना तो माझ्या पुढे होता. डावीकडून टेम्पो आला. हॉर्न दिला, लांबलचक दिला. भाऊ चालतच राहिला. टेम्पोचा आरसा त्याच्या खांद्याला लागला आणि तो गुडघ्यांवर पडला. ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडायला लागला, "हॉर्न मारला ना मी! बहिरा आहे काय?"

त्या शब्दावर माझं डोकं फिरलं. ड्रायव्हरची कॉलर धरून त्याला टेम्पोच्या दारावर आपटलं. तोंडावर बुक्की मारली, मग दुसरी. त्याच्या दाताने माझं बोट फाटलं तरी मारत राहिलो. लोक जमले. "अरे छोडो, छोडो, मर जाएगा" असं कोणीतरी ओरडत होतं. मागून माझा शर्ट खेचला गेला. भाऊ होता.

"त्याला का मारतोयस?" तो ओरडला. "खरंच बोलला ना तो! मला हॉर्न ऐकू आला नाही. कोणामुळे, ते सांगू का त्याला?"

माझे हात सुटले. ड्रायव्हर मोकळा झाला, त्याने सीटखालून लोखंडी टॉमी काढली आणि माझ्या दंडावर हाणली. नंतर खांद्यावर. मी हात वर केला नाही. भाऊ बाजूला उभा राहून बघत होता, मध्ये पडला नाही. तिसरा तडाखा बसायच्या आत लोकांनीच ड्रायव्हरला आवरलं. तो शिव्या घालत, रक्त थुंकत निघून गेला.

भाऊ म्हणाला, "चल. दुकान बंद होईल."

दुकानदार म्हातारा सिंधी गृहस्थ. माझा रक्ताळलेला शर्ट बघून त्याने पाण्याची बाटली आणि कापूस पुढे केला. "पहले बैठो, साईं." मग भावाने त्याला काम समजावलं. जमिनीवरच्या ड्रममधून छातीएवढ्या उंचीवर पाणी चढवायचंय, खारं पाणी आहे, आणि आवाज अजिबात नको.

म्हाताऱ्याने बादली भरली आणि एकेक पंप त्यात सोडायला सुरुवात केली. पहिला छोटा होता. म्हणाला, हा पूर्ण जोर लावेल तेव्हा पाणी वर पोचवेल, आणि जोर लावणारा ओरडणारच. दुसरा मोठा, पण त्याचा आतला फिरता दांडा लोखंडी, खाऱ्या पाण्यात गंजून घासणार. तिसऱ्याला दांडा चिनी मातीचा होता आणि वेग कमीजास्त करायचं बटण बाहेर वायरवर. "बडा लो, और धीरे चलाओ," म्हातारा म्हणाला. "नीचे स्पंज रखो. दीवार को छूना नहीं चाहिए."

भावाने सवयीने काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. टोक बादलीला लावलं, मूठ डाव्या कानाकडे नेली, मग थांबून उजव्या कानाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ तसाच होता. मग त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"माझ्या डाव्या कानात दिवसरात्र घर्रर्र चालू असतं. त्या दिवसापासून. बाहेरचं कुठलं आणि आतलं कुठलं, ते समजत नाही. तूच सांग, वाजतोय का?"

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. ज्या आवाजासाठी मी त्याला मारलं, तो आवाज माझ्या भिंतीतून निघून त्याच्या डोक्यात जाऊन बसला होता, आणि तिथला प्लग कोणालाच उपटता येणार नव्हता.

मी खाली बसलो. म्हाताऱ्याने उठून काचेचं दार लावलं, पंखा बंद केला. सुजलेल्या हाताने स्क्रूड्रायव्हर नीट धरता येईना, म्हणून शेवटी कानच बादलीला टेकवला. पहिल्या दोन पंपांचा गुरगुराट मलाही कळला. तिसऱ्याचा सुरुवातीला बारीक खरखराट आला. "हवा फसी है," म्हणत म्हाताऱ्याने तो पाण्यातच वाकडा केला, दोन बुडबुडे वर आले, आणि मग काही नाही. नुसतं पाणी फिरत होतं.

"नाही वाजत," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तोच घेतला.

पुढच्या रविवारी त्याने ड्रमच्या तळाशी स्पंज ठेवला, त्यावर पंप बसवला आणि अगदी हळू चालू केला. आठवडाभर माझी दिवसपाळी होती, सकाळी झोपायचं नव्हतं, तरी मी भिंतीला कान लावून बघितलं. घर शांत होतं. दुपारी टाकी भरताना त्याला नळी धरायला कोणीतरी हवं होतं. आई झोपली होती, बायको बाहेर गेली होती. मी गेलो. खारं पाणी नळीतून टाकीत उतरू लागलं, मासे तिकडे धावले, भाऊ किंचित हसला. नळी निसटायला लागली म्हणून मी ती पकडायला पटकन हात वर केला.

भाऊ झटकन खाली वाकला. दोन्ही हात कानांवर.

पाणी बाहेर सांडत राहिलं. मग मी नळी परत टाकीत धरली आणि म्हणालो, "नळी धरत होतो रे."

"माहितेय," तो म्हणाला. सरळ उभा राहिला, फडकं घेऊन फरशी पुसायला लागला. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, मीही कधी विचारलं नाही. ड्रम रिकामा होईपर्यंत मी नळी धरून उभा राहिलो.