भागीच्या नळाचं गरम पाणी

वैशाखरे गावचा कोंडू प्लंबर कामापेक्षा भाषणात वस्ताद. माळशेजच्या रस्त्यावरच्या बंगल्यांत सोलरचं गरम पाणी अडलं की त्याला बोलावणं येई. गच्चीवर चढून तो एखादा सांधा ढिला करी, अडकलेली हवा फुस्सकन बाहेर पडे, आणि नळाला कढत पाणी आलं की तो असा खाली उतरे, जणू सिद्धगड सर करून आला!

एका बंगल्याने काढून टाकलेला सोलर त्याने बायकोसाठी स्वतःच्या गच्चीवर बसवला. बायकोचा, भागीचा, जन्म मोळ्या वाहण्यात आणि चूल फुंकण्यात गेलेला. थोडे दिवस ती खूश होती. मग नळ नुसता खोकू लागला.

"जगाची हवा काढता, घरची कंदी काढाल वं?"

"उद्या काढतो गो. सांधा चुकला असंल."

कोंडूने सगळे सांधे खोलून पाहिले. टाकीवरचा हवा जाण्याचा उभा पाईप तेवढा पाहिला नाही. तो त्याने स्वतः उघडा ठेवला होता. त्यात काय पाहायचं?

मग भागीच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. खाटेवरून तिने एकच मागितलं.

"एकदा त्या नळाच्या पाण्यानं न्हाऊ घाला. धूर नको आता."

"आजच घालतो," म्हणत कोंडू गच्चीवर चढला. पुन्हा सगळे सांधे. शेवटी हात उभ्या पाईपाकडे गेला. पाईपाच्या तोंडावर भागीच्या हिरव्या लुगड्याचं फडकं सुतळीने घट्ट बांधलेलं. वाल वाळवायला आलेल्या भागीने उघडा पाईप पाहिला असणार. तिच्या घरात पाण्याचं तोंड उघडं राहत नसे; हंडा असो, की नवऱ्याचा सोलर.

त्याने फडकं सोडलं. पाईपातून हवा सुटली. खाली न्हाणीत नळ धो धो वाहू लागला.

"दाजी, खाली या," भागीची बहीण सावळी अंगणातून म्हणाली. तिचा आवाज ऐकून कोंडू फडकं मुठीत धरून खाली उतरला.

बाप्यांनी अंगणात तीन दगड मांडले, लाकडं रचली. कोंडू बादली घेऊन न्हाणीकडे निघाला, तसा शेजारचा वाल्मिक आडवा आला.

"मयताचं पाणी चुलीवर तापवत्यात रे. नळाचं चालत नाय."

"धूर नको म्हनली ती."

जन्मभर भाषणं देणारा माणूस एवढंच बोलला. त्याने बादली काठोकाठ भरली, वाफेवर ते हिरवं फडकं झाकलं आणि ती भागीकडे नेली.