दलदलकाकांची साठी

दलदलकाका कायम कुजबुजतच बोलायचे. जन्मभर पक्ष्यांच्या मागे फिरल्यामुळे आवाज चढवायची सवयच मोडलेली. सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर, पण भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा असे हळू, जणू भेंडी उडून जाईल. काकू वैतागायच्या, "यांच्याशी भांडायचं तरी कसं? ऐकूच येत नाही!"

त्यांचा जीव अडकला होता बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या अलीकडच्या एका पाणथळ जागेत. नव्वदच्या दशकात तिकडे ऑफिसं कुठली, नुसती शेतं. गुडघाभर चिखल, डोक्याइतकं उंच पाणकणसाचं गवत आणि डास. एकदा मलाही हौसेनं घेऊन गेले. मी नाकाला पदर लावून उभी. तेवढ्यात पाणकणसातून एक जांभळी पाणकोंबडी लाल पाय टाकत ठुमकत निघाली, आणि खरं सांगते, मी पदर विसरले. "स्वल्प थांब गं, पिल्लंही येतील," काका कुजबुजले.

अशा जागा बंगळुरात भराभर बुजत होत्या. ही गेली तर या कोंबड्यांनी घरटी कुठे करायची, या काळजीनं त्यांना झोप लागत नसे. मराठी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत त्यांचं मागणं एकच: तिथे काही करू नका. आता, काही न करणं आमच्या मंडळाला कधी जमलंय? कोजागरीचं दूधसुद्धा आम्ही समिती नेमल्याशिवाय आटवत नाही.

काकांची साठी आली. माणूस सगळ्यांचा लाडका. यंदा काहीतरी वेगळं करू, असं सेक्रेटरींनी ठरवलं. काका आठवडाभर लेकीकडे नागपूरला गेले, तेवढ्यात मंडळींनी श्रमदान करून त्यांची आवडती जागा 'स्वच्छ' केली, पाणकणीस मुळासकट उपटलं. काठावर मांडव, रांगोळी, माईक. मला वाटलं नुसता सत्कार आहे, म्हणून मी आपली चकल्या घेऊन गेले.

काका आले आणि बघतच राहिले. समोर बोडका चिखल. सेक्रेटरींनी त्यांना शाल पांघरवली, मग स्टीलचा डबा हाती दिला. आत कापसावर ठिपक्यांची अंडी.

"गवतात सापडली, काका. एकही फुटू दिलं नाही हं."

काका माईकपाशी गेले. त्या दिवशी प्रथमच त्यांचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू आला. "तुमचं माझ्यावर एवढं प्रेम आहे हे ठाऊक असतं, तर ही जागा मी कुणाला दाखवलीच नसती."

मंडळी खळखळून हसली. टाळ्या पडल्या. मला मात्र रडू आवरेना.

काकांनी अंगावरची शाल काढून डब्याभोवती गुंडाळली आणि तो पोटाशी धरून खुर्चीत बसले. अंडी केव्हाच गार पडली होती. मी हात लावून पाहिलं होतं, काकांनीही पाहिलं होतं. तरी पंगत उठेपर्यंत त्यांनी डबा खाली ठेवला नाही.