आईने आधीच म्हटलेली ओळ

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. कुणी असले गूढ अनुभव सांगायला लागलं की मी मोबाईल काढून बसायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही तारनाक्याला राहतो. अर्धांगवायूच्या झटक्यात आईची वाचा गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. हातांच्या व्यायामासाठी यास्मीन नावाची फिजिओथेरपिस्ट नामपल्लीहून घरी यायची.

त्या सकाळी ती आईचे व्यायाम घेत होती आणि शेजारीच मी लॅपटॉपवर एक छोटा सर्व्हर लावत होतो. एआय मॉडेल वेब पेजचं डिझाईन करतं, तेव्हा खरा मजकूर तयार नसतो. तिथे तात्पुरता भरायला निरर्थक मराठी ओळी पुरवणं, एवढंच या सर्व्हरचं काम. अक्षरं कशीही जोडायची... अर्थ शून्य. बटण दाबलं की मॉडेल सर्व्हरकडून नवी ओळ घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं.

मी बटण दाबलं. "केरवू मातणे सोलीव."

दुसऱ्यांदा दाबणार, तोच शेजारून आवाज आला — "लिमारू तेसण बोळवी."

यास्मीनचा हात थांबला. "भैया, अम्मा बाताँ कर रैं क्या?"

मी वळून पाहिलं. आई खिडकीकडे बघत होती, चेहरा अगदी शांत. बोट बटणावरच होतं, मी ते दाबलं. मॉडेलने वाचलं, "लिमारू तेसण बोळवी."

ती ओळ बटण दाबेपर्यंत तयारच झालेली नव्हती. कोड मीच लिहिला होता.

आई पुन्हा बोलली, "पेनारी हुलसे डोमण." मी बटण दाबलं... तीच ओळ. यास्मीन रडत होती. मला मात्र भीती वाटली नाही. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं.

"आई," मी तिच्यापाशी जाऊन बसलो, "काय म्हणतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "पाणी दे रे, बाळा."

त्यानंतर आई हळूहळू बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, वाचा कधीकधी अशी परत येते. येत असेल. पण त्या ओळी? कोड मी पुन्हापुन्हा तपासला, मित्राकडूनही तपासून घेतला. काही सापडलं नाही. तसं परत कधी घडलंही नाही.

एकदा धीर करून आईलाच विचारलं, "तुला पुढची ओळ कशी कळली गं?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळेच म्हणत होते की रे. मी फक्त त्यांच्यात सामील झाले. तुला एकच आवाज ऐकू आला का?"