झाडबेडकांचे मामा

प्रयोगशाळेतले मामा बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि हनुवटीनं समोरच्या झाडाकडे खूण करायचे. तिथं झाडबेडूक असायचाच. हिरव्या पानावरचा तो हिरवा जीव मला मात्र कितीही शोधून दिसत नसे. मी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली प्राध्यापिका; मामा कसबा बावड्याहून सायकलनं येणारे आमच्या कॉलेजचे परिचर.

"मॅडम, बेडूक हुडकू नका," ते म्हणायचे. "पान वजनानं वाकलंय का बघा." मी बघायचे. पान मला साधंच दिसायचं.

गगनबावड्याकडे सहल गेली की मुलं माझ्यामागून निघायची आणि तळ्याशी पोचेपर्यंत मामांभोवती गोळा व्हायची. मी शास्त्रीय नावं सांगत असताना मुली त्यांनाच विचारायच्या, "मामा, हा फेस कसला?" पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा गोळा लटकलेला असे. "घरटं हाय त्येंचं. पिल्लं सुटली की थेट पाण्यात." माझा आतून जळफळाट व्हायचा. एका वर्षी मी मुद्दाम त्यांच्या गळ्यात बाटल्या धुण्याचं काम घातलं आणि सहल त्यांच्याशिवाय नेली. एकही बेडूक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "घावलं का?" मी "हो" म्हणाले. "बरं झालं," ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

मग कळलं की त्या तळ्याच्या जमिनीचा मालक ते बुजवून रिसॉर्ट बांधणार आहे. हे बेडूक आधीच मोजक्या जागी उरलेत. मी अहवाल लिहून मामांबरोबर त्याच्याकडे गेले. त्यानं तो चाळून परत दिला. मामा त्याच्याशी म्हशींवर बोलत बसले, मग त्याला तळ्याकाठी नेऊन घरटं दाखवलं. "पाणी न्हाय ऱ्हायलं तर ही पिल्लं मातीत पडून मरत्यात की." मालकानं वाकून घरट्याखालचं पाणी बघितलं. "एवढं तळं ऱ्हाऊ दे मग," म्हणाला. बांधकाम वरच्या माळावर गेलं. परतीच्या एसटीत मी मामांशी एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर दर पावसाळ्यात, बेडूक आले की मालक मामांना फोन करायचा. गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. यंदा फोन मला आला.

"मामांचा लागंना, म्हणून तुमास्नी केला. बेडकं आल्यात, सांगा त्येंना."

मी खरं ते सांगितलं.

"मग आता कुणाला सांगायचं?"

"मला सांगत जा."

"सांगीन की," तो म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. फोन ठेवल्यावर आधी मला मामांचा हेवा वाटला, आणि मग रडू आलं.