आर्डिसचा पितळी साचा

आर्डिस टव्हाइटच्या गराजमध्ये मोटार कधीच राहिली नाही. तिथं नॉर्वलचं लाकडी बाकडं होतं, विजेची शेगडी होती, शिसं वितळवायचं बिडाचं भांडं होतं आणि खिडकीत धूर बाहेर ओढणारा पंखा. मोटार बाहेर बर्फात. मोंटानातल्या त्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. बंदुकीच्या गोळ्या कितीतरी घरांतून ओतल्या जात. ओतणारी बाई मात्र ही एकटीच.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सत्तावीस वर्षं पळी धरली होती. नॉर्वलची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा त्यानं एकदा, नाइलाजानं, शिशाची पळी तिच्या हातात दिली आणि नंतर परत मागितलीच नाही. "तुझी धार तुटत नाही," एवढंच म्हणाला. नॉर्वलसारख्या माणसाकडून एवढंही पुष्कळ होतं.

रायफल त्याच्या वडिलांची. इतक्या वर्षांत नळी केसभर झिजलेली, त्यामुळे दुकानातली गोळी आत सैल पडायची आणि वाटेल तिकडे जायची. नॉर्वलनं नळीतून मऊ शिशाचा एक तुकडा ठोकत ठोकत बाहेर काढला, तो आयडाहोतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मापासाठी धाडला आणि चौदा महिने वाट पाहिली. मग हा साचा आला. पितळी, दोन गोळ्यांच्या दोन घरांचा, आतून आरशासारखा. त्या रायफलीला याच साच्यातली गोळी चालायची.

नॉर्वलला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा ट्रेंट दूर ओहायोत राहायचा, पण दर ऑक्टोबरात शिकारीच्या आधी आठवडाभर यायचा. ती ओतायची, तो साचा उघडून गोळ्या जाड टॉवेलवर पाडायचा. फारसं बोलणं नसायचं. गेल्या वर्षी जाताना रायफल तो घेऊन गेला, आणि या सप्टेंबरात त्याचा फोन आला.

"आई, यंदा सुट्टीचं जमत नाही गं. इथंच एका मित्राच्या रानात हरणावर जाईन म्हणतो. साचा पाठवशील?"

मीच शंभर गोळ्या ओतून पाठवते, ती म्हणाली. दरवर्षी तुला कशाला त्रास, तो म्हणाला, मी शिकेन की.

चार दिवस साचा बाकावर तसाच पडून होता. साचा गेला की ट्रेंटला इथं यायला कारणच उरत नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. साच्याची मूठ तुटली म्हणून सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. भांडी घासताना ते वाक्य तिनं दोनदा म्हणूनही पाहिलं. पण मग तो दुकानातल्या सैल गोळ्या घेणार, हरणाच्या पोटात कुठंतरी मारणार, आणि ते जखमी जनावर रात्रभर झाडीत तडफडणार. नॉर्वलनं आयुष्यात तसं होऊ दिलं नव्हतं. तिनं खोकं शोधलं.

पितळेला गंज नाही, पण वरच्या पोलादी पट्टीला आहे, म्हणून नॉर्वल करायचा तसं तिनं साच्याला तेल चोपडलं. दोन पानी चिठ्ठी लिहिली. खिडकी उघडी ठेव. गराजमधले कपडे घरात नेऊ नकोस. माझ्या नातीला, छोट्या जूनला, तिथं पाऊलही टाकू देऊ नकोस, लहान मुलांच्या अंगात शिसं फार लवकर भिनतं. ओतण्याआधी तेल धुवायचं हे तेवढं लिहिलं नाही. त्यांच्या घरात ते कुणाला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"आर्डिस, पोराला विटा पाठवतेस काय?" पोस्टातल्या जोलीननं खोकं उचलत विचारलं.

"जड ते इथंच राहिलंय," आर्डिस म्हणाली.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी ट्रेंटचा फोन आला. सगळ्या गोळ्या सुरकुतलेल्या येत होत्या, मनुकांसारख्या.

तेल. तिला पहिल्या वाक्यातच कळलं. सांगायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते सांगितलं की फोन संपला असता. म्हणून ती नॉर्वलच्या स्टुलावर बसली आणि एकेक विचारू लागली. शिसं किती तापलंय, कथील किती घातलंस, पंखा कुठल्या बाजूला आहे. जून कुठाय? जून आईबरोबर पोहायला गेली होती. तिचा पुढचा दात पडला होता, आणि ती आजोबांची टोपी घालून झोपायची. हे आर्डिसला माहीत नव्हतं.

"जाऊ दे आई," ट्रेंट शेवटी वैतागून म्हणाला. "दुकानातल्याच आणतो."

"साचा गार होऊ दे. मग साबण आणि जुना टूथब्रश घेऊन आतलं तेल धू. आणि अगदी कोरडा कर, ट्रेंट. पाण्याचा थेंब राहिला तर शिसं तोंडावर उडेल."

पलीकडे साचा बाकावर ठेवल्याचा आवाज आला.

"तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

तो हसला, रागावला नाही. फोन बाकावर ठेवून कामाला लागला. पाण्याचा आवाज आला, मग ब्रशचा, मग बराच वेळ काहीच नाही. मग बिजागरीवर लाकडी दांड्याचा ठोका, आणि टॉवेलवर पडणारी गोळी. साचा नीट तापेपर्यंतच्या पहिल्या वीसेक परत भांड्यात जाणार. ती मनात मोजत राहिली. तो शीळ घालत होता. फोन चालू आहे हे तो विसरला होता, आणि तिनं आठवण करून दिली नाही.

"अगं, आहेस अजून?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "जमलं बघ. एकदम चकचकीत. आता तुला काही काम नाही."

"हात धू," ती म्हणाली. "मग जूनला जवळ घे."

नोव्हेंबरात बर्फ साचलं. शेजारचा लायल फावडं घेऊन तिची मोटार मोकळी करायला आला आणि म्हणाला की साचा गेला, आता गराज रिकामंच आहे, तर गाडी आत लाव.

जागा नाही, आर्डिसनं सांगितलं.