बेसमेंटमधल्या फुटबॉलपटूची दिवाळी

काल कॉन्डोतल्या माझ्या फ्लॅटमध्ये उटण्याचं पाकीट फोडलं आणि त्या वासाने कॅनडातल्याच हॅमिल्टनचं आमचं जुनं घर आठवलं. तिथे बेसमेंटमध्ये रायन भाड्याने राहायचा. हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू. गुडघा गेल्यावर टीमने त्याला काढलं. बायको मुलीला घेऊन आधीच गेली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या पहाटे आईने त्याला वर बोलावलं. पाटावर बसता येईना, म्हणून स्टूल दिलं आणि त्या अवाढव्य पाठीला कोमट तेल लावलं. तो ढसाढसा रडला. इंग्रजीत म्हणाला, "इतकी वर्षं मला हात लागला तो फक्त पाडायला."

मला कसंनुसं झालं.

"काय म्हणतोय रे?" आईने विचारलं.

"तेल छान आहे म्हणतोय."

तिने आणखी थोडं ओतलं.

आज एकट्याने तेल लावताना माझ्या पाठीपर्यंत माझाच हात पोचत नाही.