प्रायमरची खात्री नव्हती, म्हणून मॅच सोडली

मंडळी, आज आमच्या पिस्तूल क्लबची मॅच होती आणि मी एकही गोळी न झाडता टार्निटला घरी परत आले. तरी छाती फुगलीय!

माझ्या मॅग्नम रिव्हॉल्वरच्या गोळ्या मी घरीच भरते. या वेळी शिशाच्या ओतीव बुलेट्स, म्हणजे गोळीची पुढची टोकं, एकेक मोजून, पारखून निवडल्या होत्या.

नेमबाजीच्या लाइनवर जायच्या आधी क्लबमधल्या सत्तरीतल्या कीथने सहज विचारलं, "प्रायमर कुठले वापरलेस?" प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी.

"साधे," मी म्हणाले, आणि मग आठवलं. गोळ्या भरताना टेबलावर साध्या प्रायमरचा डबा उघडा होता आणि मॅग्नमचाही. मॅग्नम प्रायमर जास्त जोरात पेटतो, आणि माझं दारूचं माप साध्यासाठीचं होतं. चुकून मॅग्नमचा बसला असेल, तर दाब वाढून रिव्हॉल्वर फुटायचा धोका.

"कीथ, मला खात्री नाहीये. मी नाव मागे घेते."

चार महिन्यांची प्रॅक्टिस होती हो. डोळ्यांत पाणीच आलं.

कीथ नव्या मेंबर्सकडे वळून म्हणाला, "लाइनवर हिच्या शेजारी मी कधीही उभा राहीन."

सगळ्यांसमोर "मला खात्री नाही" असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?